‘८०८८ एमपीएच’ : करामत की कला?

काव्य, नाटक, चित्र आणि गायन यांची परीक्षणे वाचण्यास सरावलेल्या आमच्या वाचकांपुढे आज आम्ही एका निराळ्याच जातीची कृती ठेवीत आहोत. तिचे नाव ‘८०८८ एमपीएच’. ती पुस्तक नव्हे, बोलपट नव्हे आणि खेळही नव्हे. जर्मनीतील सारब्रुकन शहरी ईस्टरच्या सुटीत ‘रिव्हिजन’ नावाचा मेळावा भरतो. तेथे २०१५ च्या एप्रिलात जुन्या यंत्रांसाठी ठेवलेल्या स्पर्धेत ती प्रथम दाखविली गेली आणि पहिली आली. ‘हॉर्नेट’, ‘सीआरटीसी’ व ‘डिझायर’ या तीन मंडळांतील गड्यांनी ती मिळून रचली. अशा रचनेस त्या वर्तुळात ‘डेमो’ म्हणतात. संगणकाकडून जागच्या जागी हिशेब करवून घेऊन पडद्यावर हलती चित्रे आणि कर्ण्यातून संगीत उत्पन्न करावयाचे, एवढाच त्याचा उद्योग. चित्रफीत आधी टिपलेले दाखविते, डेमो बव्हंशी त्या क्षणी घडवितो. ध्वनिमुद्रिका आणि मैफल यांत जो भेद, तोच येथे समजावा.

नावात एक कोटी आहे. ८०८८ हा यंत्रातील प्रोसेसरचा क्रमांक आणि एमपीएच म्हणजे ताशी मैल. ‘बॅक टु द फ्यूचर’ या १९८५ च्या अमेरिकन बोलपटातील मोटार ताशी ८८ मैलांचा वेग घेताच काळ ओलांडून जाते; दोन्ही आकडे एकमेकांत मिसळून कर्त्यांनी हे नाव बनविले. आम्हांस ती कोटी बरी वाटली. १९८१ सालचे यंत्र २०१५ साली नव्याने बोलते करावयाचे म्हणजे काळाशी थोडी मस्करी आलीच.

ते यंत्र आमच्या कित्येक वाचकांच्या ओळखीचे आहे. आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला, तोच हा. त्याच्या सर्वांत स्वस्त प्रकारास तबकडीचा खणदेखील नव्हता. पडद्याऐवजी घरचा टीव्ही आणि साठवणीसाठी घरचा टेपरेकॉर्डर जोडावा, अशी योजना होती. आमच्याकडे मूळ यंत्र विरळाच आले. त्याची भावंडे मात्र, १९८४ च्या नोव्हेंबरात सरकारचे नवे संगणक-धोरण निघाल्यानंतर, प्रथम मुंबईच्या कचेऱ्यांतून आणि पुढे अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील संगणक-क्लासांतून दिसू लागली. थंड हवेची खोली, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला, काळ्या पडद्यावर हिरवी किंवा पिवळसर अक्षरे, आणि चूक झाली की कानात घुसणारा एकच ‘टीं’. ज्यांनी त्या काळी फी भरून ते शिक्षण घेतले, त्यांच्या मनात त्या यंत्राचे हेच चित्र असेल. पगारपत्रके, हिशेब आणि पत्रे यांपलीकडे त्याने काही करावे अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

आणि अपेक्षा करावी तरी कशाच्या बळावर? त्याचा प्रोसेसर सेकंदाला ४७ लाखांहून अधिक ठोके घेतो हे ऐकावयास मोठे वाटते. पण स्मृतीतून एक बाइट आणावयाचा म्हणजे त्यांतील चार ठोके गेले. चित्रांसाठी ‘सीजीए’ नावाची पट्टी असे. तिची स्वतःची स्मृती अवघी १६ किलोबाइट. तिच्या नेहमीच्या चित्रपद्धतीत एका वेळी चारच रंग मिळत, आणि तेही बहुधा फिरोजी, किरमिजी, पांढरा व काळा असे की पाहणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. अक्षरपद्धतीत रंग सोळा; परंतु तेथे चित्र काढण्याची सोय नाही, ठरलेली २५६ चिन्हे काय ती मांडावयाची. ध्वनीची तर दैनाच. एक लहानसा कर्णा, आणि त्याला दोनच गोष्टी ठाऊक : पुढे सरणे व मागे येणे. १९८२ च्या कमोडोर ६४ या घरगुती यंत्रात तीन स्वरांची स्वतंत्र ध्वनिचिप होती, पडद्यावर आपोआप हिंडणाऱ्या आठ आकृत्यांची सोय होती. युरोपातील डेमोकारांनी त्याच्यावर जन्म वेचले यात नवल नाही. आयबीएमच्या वाट्याला त्यांतले काहीही आले नव्हते.

अशा यंत्राकडून ‘८०८८ एमपीएच’च्या कर्त्यांनी एका पडद्यावर १०२४ रंग काढविले आहेत. ही जादू नव्हे, आणि तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकन टीव्हीच्या पद्धतीत रंगाची खूण एका लहरीवर स्वार होऊन येते. ती लहर सेकंदाला सुमारे ३५ लाख ८० हजार हेलकावे खाते. आयबीएमच्या शिल्पज्ञांनी काटकसर म्हणून सर्व कामांस एकच स्फटिक वापरला. त्याचे ठोके सेकंदाला १ कोटी ४३ लाखांच्या घरात. त्यांस तीनांनी भागले की प्रोसेसरचा वेग निघतो, चारांनी भागले की रंगाची लहर. त्यामुळे पडद्यावरील ठिपके आणि टीव्हीची रंगलहर जन्मतःच एका तालात बांधली गेली. एका हेलकाव्याच्या आत काळेपांढरे ठिपके विशिष्ट क्रमाने पेरले तर टीव्ही त्यांना ठिपके समजत नाही, रंग समजतो. इतके पूर्वीही ठाऊक होते आणि जुन्या खेळांतून त्याचा उपयोग होई. नवी युक्ती निराळी. कर्त्यांनी चित्रपद्धती सोडून अक्षरपद्धतीच धरली, प्रत्येक अक्षराची उंची छाटून त्याची वरची एकदोन रेषाच दिसेल असे केले, आणि २५६ चिन्हांतून अशी निवडली की ज्यांच्या माथ्यावरील ठिपके हव्या त्या क्रमाने पडतात. इंग्रजी ‘यू’ या अक्षराचे दोन उभे दंड आणि जोड उद्गारचिन्ह ही त्यांतली प्रमुख. मग अक्षराचे सोळा रंग, पाठीमागचे सोळा रंग आणि चिन्हांचे पर्याय यांचे गुणाकार होत होत संख्या हजारावर जाते. (हा प्रयोग देवनागरीवर केला असता तर नुसती शिरोरेषाच हाती राहिली असती, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.)

गतीची गोष्टही सांगितली पाहिजे. डेन्मार्कच्या ‘केफ्रेन्स’ मंडळाच्या नावाने ओळखला जाणारा एक जुना देखावा आहे. त्यात उभ्या रंगीत पट्ट्या वेलीसारख्या डुलतात. तो घडविण्यास पडद्यावरील प्रत्येक आडवी रेषा निघत असतानाच पुढची तयार करावी लागते, आणि एका रेषेस प्रोसेसरचे बरोबर ३०४ ठोके मिळतात. अडचण अशी की या यंत्राची स्मृती विसराळू आहे. तिला दर ७२ ठोक्यांनी आठवण द्यावी लागते, आणि तेवढा वेळ प्रोसेसर खोळंबतो. ७२ ने ३०४ ला भाग जात नाही; म्हणजे खोळंबा दर रेषेत निराळ्या जागी येणार आणि सर्व मोजमाप फिसकटणार. कर्त्यांनी आठवणीचे अंतर ७२ वरून ७६ केले. चोक ३०४! खोळंबा प्रत्येक रेषेत त्याच चार जागी येऊ लागला आणि आवर्तन जुळले. स्मृतीला आठवण किंचित उशिरा मिळते, पण ती तेवढा उशीर सोसते. या भागाचा कर्ता त्या वर्तुळात ‘रीएनिजिन’ म्हणून ओळखला जातो. ‘इंजिनीयर’ या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट लिहिली की हे नाव होते. त्याची ही ७६ ची तोड एखाद्या तबलजीने तिहाई समेवर आणावी तशी आहे, आणि ती कळल्यावर त्या डुलणाऱ्या पट्ट्यांकडे आम्ही अधिक आदराने पाहू लागलो.

पण ‘कळल्यावर’ हाच शब्द परीक्षकाला अडवितो. या रचनेविषयी जे पुष्कळ बोलले जाते ते बहुतेक सर्व ‘कसे केले’ यासंबंधी असते. ‘काय केले’ हे विचारणारे थोडे. आमच्या साहित्यशास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. मम्मटाने काव्याच्या तीन प्रती लाविल्या आणि शब्दांच्या किंवा अर्थाच्या नुसत्या चमत्कृतीवर जगणाऱ्या चित्रकाव्यास शेवटल्या पायरीवर बसविले. मराठीत या वादाचे रणांगण म्हणजे मोरोपंत (१७२९–१७९४). पंतांनी १०८ रामायणे लिहिली. त्यांतील निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म हे ओठांनी उच्चारावयाचे वर्ण टाळले आहेत. असा नियम पत्करला की ‘राम’ हे नावच तोंडातून काढता येत नाही! रामाचे नाव न घेता रामकथा सांगणाऱ्या कवीचे कौशल्य कोण नाकारील? तथापि ते रामायण वाचताना आपले लक्ष सीतेच्या दुःखाकडे राहते की पुढच्या ओळीत ‘म’ सापडतो का याकडे, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे. निबंधमालाकारांसारखा खंदा कैवारी लाभूनही पंतांवरचा हा आक्षेप पुरता मिटलेला नाही.

याच नियमाचे दुसरे उदाहरण दंडीच्या दशकुमारचरितात आहे. सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली हकीकत सांगतो, तीही ओष्ठ्य वर्णांवाचून. पण तेथे कारण कथेतच आहे : प्रियेने घेतलेल्या चाव्यांनी त्याचे ओठ दुखावले आहेत, ते जुळविणे त्याला सोसत नाही. नियम तोच, परंतु पंतांचा नियम वाचकाला कोणी तरी बाहेरून सांगावा लागतो, दंडीचा नियम पात्राच्या तोंडावरच दिसतो. वाचकाला बंधन आधी जाणवते आणि मग त्या बंधनातून निघणारी वाणी ऐकू येते. आमच्या मते करामत आणि कला यांची सीमारेषा येथे आहे, आणि ‘८०८८ एमपीएच’ हीच कसोटी लावून पाहावी.

ही कसोटी लावली असता रंगांचा भाग, इतका नवलाचा असूनही, मोरोपंतांच्या पंगतीस बसतो. ज्याला सीजीएच्या चार रंगांची माहिती नाही तो हे देखावे पाहून काय म्हणेल? ८० आडव्या आणि १०० उभ्या घरांची ती जाड वीण त्याला एखाद्या गोधडीसारखी वाटेल. रंग किंचित मातकट, शेवाळी, विटकरी वाटतील. त्यांत एक जुनाट मार्दव आहे आणि आम्हांस ते आवडले; ‘व्हायलर’ या चित्रकाराने मिळतील त्या छटांतून जो मेळ साधला आहे तो खऱ्या चित्रकाराचाच. पण या रंगांपाशी येण्यापूर्वी प्रेक्षकाला चार रंगांच्या कोठडीत पुरेसे कोंडलेले नाही. रंगांची उधळण पुष्कळ आधीच सुरू होते, आणि मग ती कोणत्या दारिद्र्यातून आली हे टीकाकाराने कानात सांगावे लागते. टीकेवाचून न कळणारे काव्य आम्ही वाईट म्हणत नाही. ते अपुरे आहे एवढेच म्हणतो.

संगीताची गोष्ट निराळी. डेमोच्या बहुतेक वेळात ऐकू येतो तो त्या कर्ण्याचा मूळचाच कंठ : एका वेळी एक स्वर, तोही कर्कश. स्वर भराभर बदलून दोनतीन सुरांचा भास उत्पन्न केला आहे, तरी कानाला तो ‘टीं टीं’ ओळखू येतोच. असे काही मिनिटे चालते. डोळे देखाव्यात गुंतलेले असतात आणि कान नकळत त्या तुणतुण्याशी समेट करून बसतो. नंतर शेवटी, श्रेयनामावलीच्या वेळी, त्याच कर्ण्यातून एकदम चार वाद्यांचा मेळ उठतो. ढोल आहे, खर्ज आहे, वर चाल आहे. अंगावर काटा येतो, आणि यासाठी कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. यंत्राचे ओठ किती दुखावलेले आहेत हे रचनेनेच आधी ऐकविलेले असते.

याचीही रीत आहेच. कर्णा पुढे सरतो किंवा मागे येतो, मधली जागा त्याला नाही. पण त्याला तिथवर जाण्यास जो वेळ लागतो तो हिशेबात धरून ठोका कमीअधिक लांबविला तर मधल्या जागा भासमान होतात. असे सेकंदाला १६,५०० हून अधिक वेळा करावयाचे. प्रत्येक वेळी हाताशी ठोके २८८. तेवढ्यात चारही वाद्यांचे नमुने स्मृतीतून आणावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि कर्ण्याला हुकूम द्यावयाचा. स्मृतीची ती आठवण येथेही चुकत नाही, पण ७२ चोक २८८ असल्यामुळे येथे अंतर बदलावे लागले नाही. हे सारे नंतर वाचले तर आनंद दुणावतो. न वाचले तरी जो आनंद व्हावयाचा तो होऊन गेलेला असतो.

दोष सांगावयाचे तर मुख्य दोष एकसूत्रतेचा. एकमेकांवर सरकणारी वर्तुळे, रंगांचे ढग, फिरत फिरत जवळ येणारे चित्र, भरीव त्रिमितीय आकृती असे देखावे एकामागून एक येतात. त्यांचा क्रम बदलला तर फारसे बिघडणार नाही. शिवाय हे देखावे अमिगा आदी यंत्रांवर १९९० च्या आगेमागे रूढ झालेले. येथील अभिमान ‘आमचेही यंत्र हे करू शकते’ असा आहे. प्रदर्शनात मांडलेल्या उत्तम नमुन्यांची ती रांग झाली. ‘बूझ डिझाइन’ या मंडळाने कमोडोर ६४ साठी २००८ साली केलेला ‘एज ऑफ डिसग्रेस’ पाहावा. त्यात एक देखावा दुसऱ्यात असा विरघळतो की सांधा सापडत नाही. अर्थात त्या यंत्राची परंपरा तोवर पंचवीस वर्षांची होती. आयबीएमच्या या दुर्लक्षित रूपासाठी फारच थोडे खपले होते. पहिल्या नांगरटीकडून फळबागेची अपेक्षा करू नये हे खरे, तरी उणीव ती उणीवच.

येथे आमच्या उपनगरांचा विचार मनात येतो. अंधेरीत सीप्झची वसाहत १९७३ पासून आहे; जुहूला १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघाले; पवईच्या आयआयटीचे नाव सांगावयास नको. बुद्धीची वाण नव्हती. मग डेमोची ही परंपरा आमच्यात का रुजली नाही? युरोपात तिचा उगम फारसा सोवळा नाही. खेळांची कुलुपे फोडून नकला वाटणारी पोरे प्रत्येक नकलेच्या आरंभी आपल्या नावाचे एक नाचते चित्र जोडीत. पुढे खेळ बाजूला राहिला आणि ते चित्रच स्वतंत्र कला झाले. नकला आमच्याकडेही पुष्कळ झाल्या. फरक यंत्राच्या जागेत होता. फिनलंडच्या मुलाजवळ यंत्र निजण्याच्या खोलीत असे, आणि रात्रभर वाया घालविण्यास तो मोकळा असे. मुलुंडच्या मुलाला ते क्लासात मोजून मिळे आणि त्या वेळात अभ्यासक्रमातील धडा पुरा करावयाचा असे. ज्या यंत्रापाशी वेळ वाया घालविता येत नाही त्यावर कला उपजणे कठीण. १९८४ साली सरकारने ‘क्लास’ योजनेखाली शाळांना बीबीसी मायक्रो ही चित्र-ध्वनीस सोयीची यंत्रे दिली, पण तीही कुलूपबंद प्रयोगशाळेत आणि तासिकेच्या घंटेवर. गणपतीच्या दिवसांत चाळीच्या आवारात चार मोटारी, सायकलीच्या साखळ्या आणि पुठ्ठा यांतून हलता देखावा उभा करणारी बुद्धी याच जातीची होती; तिला रात्री जागावयास मांडव होता, संगणक नव्हता.

आणखी एक विनोद असा की त्या वेळी हा डेमो कोणी घाटकोपरला आणून लाविला असता तरी तो चालला नसता. आमचा रंगीत टीव्ही १९८२ साली आला तो ‘पाल’ पद्धतीचा. त्याची रंगलहर निराळ्या गतीची, तेव्हा यू अक्षराचे ठिपके त्याला ठिपकेच दिसले असते. शिवाय कचेऱ्यांतून पडदे बहुधा एकरंगी, आणि पुष्कळ देशी यंत्रे वेगवान म्हणून विकली जात; त्या वाढीव वेगाने ७६ चा सारा हिशेब कोलमडला असता. ही रचना एका यंत्राच्या हाडामांसाशी इतकी जडलेली आहे की जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एम्युलेटर नावाच्या कार्यक्रमांनाही ती २०१५ साली पेलली नाही, आणि कर्त्यांनी ही गोष्ट मोठ्या आनंदाने जगजाहीर केली. आम्हीही ती खऱ्या यंत्रावरून घेतलेल्या मुद्रणातच पाहिली. वाचकांनाही बहुधा तसेच पाहावे लागेल. फिनलंडने २०२० साली आणि जर्मनीने २०२१ साली डेमोकलेस आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतले. यादीत नाव चढविणे सोपे. १९८१ चा तो कर्णा आणि त्याला जोडलेला काचेचा टीव्ही दुरुस्त ठेवणारा माणूस टिकविणे त्याहून पुष्कळ अवघड.

याच मंडळींपैकी काहींनी २०२२ साली कोलोन येथील ‘इव्होक’ मेळाव्यात त्याच यंत्रासाठी ‘एरिया ५१५०’ हा दुसरा डेमो सादर केला आणि तोही पहिला आला. ५१५० हा त्या आयबीएम यंत्राचा क्रमांक. अमेरिकेतील ‘एरिया ५१’ या गूढ लष्करी स्थळाच्या नावावर ही नवी कोटी. आम्ही वर दाखविलेली उणीव त्यात बरीच भरून निघाली आहे; देखाव्यांना एक वातावरण आहे आणि सांधे झाकलेले आहेत. ज्यांना एकच पाहावयास सवड असेल त्यांनी डोळ्यांसाठी तो पाहावा. कानांसाठी मात्र जुनाच ऐकावा, आणि मधली मिनिटे न गाळता.